हैदराबादहून बर्फाच्या उतारावर : स्नोबोर्ड प्रशिक्षक व्हायचंय? मार्चमध्ये जायचं की थांबायचं, आधी हे वाचा

हैदराबाद : इंदिरा पार्कजवळ, लोअर टँकबंड रोडवरच्या ‘स्नो वर्ल्ड’मध्ये २००४ पासून लोक बर्फ बघायला जातात. बाहेर चाळीस अंशांचं ऊन आणि आत शून्याखाली थंडी. नांदेड, लातूर, बिदर, निजामाबाद, आदिलाबाद या पट्ट्यातल्या कित्येक मराठी घरांतल्या मुलांनी पहिला बर्फ इथेच हातात घेतला. पण हा बर्फ खेळण्यापुरता. स्नोबोर्डचा प्रशिक्षक घडवायला लागतो तेवढा लांब उतार तिथे नाही. त्यासाठी हिमालय गाठावा लागतो, नाहीतर परदेश.

हैदराबादच्या नोकरदाराला किंवा विद्यार्थ्याला हा विचार सुचतो तो बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत, गुलमर्गचे व्हिडिओ पाहून. मग रजा, पैसे, तिकीट जमवेपर्यंत मार्च उजाडतो. हंगाम संपत आलेला असतो. अशा वेळी जायचं की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं? थोडक्यात उत्तर असं : हंगामाच्या शेवटी प्रमाणपत्राची परीक्षा द्यायला जाणं शहाणपणाचं ठरू शकतं, बोर्डवर पहिल्यांदा उभं राहायलाही जाता येतं. पण एकाच मार्चमध्ये दोन्ही उरकू म्हटलं तर बहुतेक वेळा पैसे जातात, कागद मिळत नाही.

स्नोबोर्ड म्हणजे नेमकं काय?

स्कीमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या आणि हातात काठ्या असतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले असतात आणि काठ्या नसतात. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी मुलीसाठी दोन स्की एकत्र जोडून ‘स्नर्फर’ नावाचं खेळणं केलं, तिथून या खेळाचा प्रवास सुरू झाला. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्डिंगचा पहिल्यांदा समावेश झाला.

बोर्डावर सगळा खेळ कडांचा आहे. टाचेकडची कड आणि चवड्याकडची कड. कड बर्फात रुतवली की वेग कमी होतो, सैल सोडली की फळी धावते. नवशिक्या पडतो तो कड चुकल्यामुळे. पडताना हात मागे टेकवण्याची सवय असल्यामुळे नवशिक्यांमध्ये मनगटाच्या दुखापती जास्त दिसतात.

प्रशिक्षकाची परीक्षा कसरतींची नसते

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. उड्या मारता आल्या म्हणजे प्रशिक्षक होता येतं, असं वाटतं. तसं नाही. पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रात पाहिलं जातं ते हे की, कधीच बर्फ न पाहिलेल्या माणसाला तुम्ही न घाबरवता उभं करू शकता का, थांबायला शिकवू शकता का आणि त्याची चूक ओळखून दुरुस्त करू शकता का.

कॅनडाच्या ‘कासी’ या स्नोबोर्ड प्रशिक्षक संघटनेच्या चार पातळ्या आहेत. पहिली पातळी नवशिक्यांना शिकवण्यासाठी, दुसरी मध्यम स्तरासाठी, तिसरी तरबेज लोकांसाठी आणि चौथी सगळ्यात वरची. पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम तीन दिवसांचा असतो. शिकवण्याचा क्रम पाच टप्प्यांचा : साहित्याची ओळख, सरळ घसरणं, वेगावर ताबा, वळण आणि मग वळणांची सलग लय. ब्रिटनच्या ‘बासी’चा पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम पाच दिवसांचा आहे. अमेरिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया यांच्याही स्वतःच्या संघटना आहेत.

तीन दिवस ऐकून हुरळून जाऊ नये. हे तीन दिवस बोर्ड शिकण्यासाठी नसतात. मध्यम उतारावर दोन्ही बाजूंची वळणं जोडत, ताबा ठेवून खाली येता येतं, हे गृहीत धरूनच वर्ग सुरू होतो. चार्टर्ड अकाउंटंटच्या परीक्षेला बसताना जमाखर्च कशाला म्हणतात ते विचारता येत नाही, तसंच हे.

भारतात शिडी कशी आहे?

देशात बर्फावरच्या खेळांचं सरकारी शिक्षण प्रामुख्याने दोन ठिकाणी मिळतं. एक, केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची गुलमर्गमधली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग. दुसरी, हिमाचल सरकारची मनालीतली अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था, जिचे स्कीचे वर्ग सोलंग भागात होतात. उत्तराखंडात औली इथेही स्कीचे अभ्यासक्रम चालतात. या सरकारी व्यवस्थेचा मूळ भर स्कीवर आहे. शिडी प्राथमिक, मध्यम, प्रगत अशी चढत जाते आणि वरच्या वर्गात जाताना खालच्या वर्गातली श्रेणी पाहिली जाते. म्हणून पहिलाच वर्ग ‘जमेल तसा’ करून चालत नाही. स्नोबोर्डचा वर्ग त्या वर्षी आहे का, किती जागा आहेत, हे अर्ज करण्याआधी संस्थेकडूनच विचारून घ्यावं.

भारतीय प्रमाणपत्र आणि परदेशी प्रमाणपत्र ही दोन वेगळी चलनं आहेत, असं समजा. परदेशातल्या स्की शाळेत अर्ज करायचा तर ती शाळा कोणत्या संघटनेचा कागद मानते, ते आधी पाहावं लागतं.

हंगामाचा शेवट : बर्फ कसा वागतो?

गुलमर्गची उंची साधारण २,६५० मीटर. गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा अफरवटच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळपास ३,९०० मीटरच्या वर जातो. नवशिक्यांचे उतार खाली गुलमर्गच्या मैदानालगत आहेत आणि मार्चमध्ये आधी वितळतो तो हाच खालचा बर्फ. वर भरपूर बर्फ आहे म्हणून खालचा वर्ग चालेलच, असं नाही.

शेवटच्या हंगामात दिवसाचे तीन भाग पडतात. रात्री गोठल्यामुळे सकाळी उतार काचेसारखा कडक असतो. कड नीट लागली नाही की माणूस आडवा. ऊन चढलं की वरचा थर मऊ होतो, तो तास-दोन तासांचा काळ शिकायला आणि शिकवायला सगळ्यात चांगला. दुपारनंतर बर्फ ओला, जड होतो, फळी चिकटते आणि गुडघ्यांवर ताण येतो. परीक्षा देणाऱ्याला या तिन्ही बर्फांवर ताबा दाखवावा लागतो. त्यामुळे मार्चमध्ये तयार झालेला प्रशिक्षक जरा पक्का होतो, हेही खरं. दिवस मोठे असतात, थंडी सुसह्य असते, ही आणखी जमेची बाजू.

उणे बाजू मोठी आहे ती हवामानाची. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळपास कोरडं राहिलं. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा २२ फेब्रुवारीपासून ठरला होता. बर्फ पुरेसा नसल्याने तो पुढे ढकलावा लागला आणि ९ ते १२ मार्चदरम्यान झाला. म्हणजे ज्याला आपण हंगामाचा शेवट म्हणतो, तोच त्या वर्षी हंगाम ठरला. राष्ट्रीय स्पर्धेची तारीख हलते तिथे एकट्यादुकट्याच्या तिकिटाचं काय! तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्यावं, हा यातला साधा धडा.

धोकाही विसरू नये. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ खिलनमर्गला हिमस्खलनात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला. ऊन तापल्यावर ओल्या बर्फाचे लोट सुटतात. आखलेल्या उताराबाहेर वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नये.

पैशाचं गणित

इथे मार्चचा खरा पेच आहे. हैदराबादच्या हिशेब खात्यात, बँकेत, विम्यात काम करणाऱ्याला ‘मार्च एंड’ला रजा मिळणं म्हणजे लॉटरीच. विद्यार्थ्यांच्या परीक्षाही याच सुमारास.

दुसरी गोष्ट परताव्याची. स्की शाळा आपली माणसं हंगाम सुरू होण्याआधी ठरवतात. मार्चमध्ये प्रमाणपत्र मिळालं तरी उत्तर गोलार्धात त्यावर कमाई सुरू होणार ती लवकरात लवकर पुढच्या डिसेंबरात. मधले आठ-नऊ महिने पैसा अडकून पडतो. कर्ज काढून जाणाऱ्याने हप्ते आजपासून आणि पगार डिसेंबरपासून, असं धरूनच आकडेमोड करावी. पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की, कागद हातात असलेला उमेदवार पुढच्या भरतीला वेळेत अर्ज करू शकतो. डिसेंबरात परीक्षा देणाऱ्याची तोवर भरती हुकलेली असते. म्हणूनच, ज्याला बोर्ड आधीपासून येतो त्याच्यासाठी मार्च ही चुकीची वेळ नाही.

प्रमाणपत्र म्हणजे कामाचा व्हिसा नव्हे, हेही पक्कं लक्षात ठेवावं. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीयांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा खुला केला. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, निवड सोडतीने. तिथला बर्फाचा हंगाम जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. आपला मार्च हुकलेल्या तरुणाला हा एक रस्ता आहे, पण सोडतीत नंबर लागला तर. एजंटाने ‘कोर्स केला की नोकरी नक्की’ असं सांगितलं तर कोणती शाळा, कोणता व्हिसा, हे लेखी मागावं. लेखी मिळत नसेल तर पैसे देऊ नयेत.

विम्याच्या कागदावरही नजर टाकावी. साध्या प्रवास विम्यात बर्फावरचे खेळ बहुतेक वेळा धरलेले नसतात, ते वेगळे जोडून घ्यावे लागतात.

हैदराबादमध्ये राहून काय करता येईल?

पठारावरचा माणूस बर्फावर टिकत नाही, हा समज निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावच्या मालावत पूर्णाने मोडून काढला. हैदराबादपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या भोंगीरच्या कातळावर तिचं प्रशिक्षण सुरू झालं, पुढे दार्जिलिंग, लडाख, आणि २५ मे २०१४ रोजी वयाच्या चौदाव्या वर्षात ती एव्हरेस्टवर पोहोचली. तो खेळ वेगळा, पण क्रम शिकण्यासारखा : आधी घराजवळ शरीर, मग संस्थेत तंत्र, मग मोठा डोंगर.

स्नोबोर्डसाठी हा क्रम असा लावता येतो. निघण्याआधी किमान तीन महिने मांड्या, पोटऱ्या आणि कंबरेचा व्यायाम. गोवळकोंड्याच्या पायऱ्या चढण्यापेक्षा सावकाश उतरणं जास्त उपयोगी, कारण बोर्डावर गुडघे वाकवून वजन पेलावं लागतं. स्केटबोर्डवर तोल. गादीवर पडण्याचा सराव : मुठी मिटून, पुढे पडताना गुडघे आणि कोपरापासूनचा हात, मागे पडताना आधी बूड, मग पाठ, हनुवटी छातीशी. शक्य असेल तर दुबईत दोन-चार दिवस. तिथलं २००५ पासूनचं ‘स्की दुबई’ बारमाही चालतं, सगळ्यात लांब उतार ४०० मीटरचा आहे आणि हैदराबादहून विमान चारेक तासांचं. ज्यांचे भाऊबंद आखातात आहेत, त्यांना राहण्याचा खर्चही वाचतो.

गुलमर्गला जाण्यासाठी श्रीनगरपर्यंत विमान, पुढे टंगमर्गमार्गे साधारण पन्नास किलोमीटर रस्ता. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही सुरू झाली आहे. बर्फ पडला की टंगमर्गच्या पुढे साखळ्या लावलेलीच गाडी जाते, तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी पोहोचण्याचा हिशेब ठेवू नये. उंचीवर ऊन भाजतं आणि ताजा बर्फ अतिनील किरणं ऐंशी टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, म्हणून गॉगल आणि सनस्क्रीन सोडून जायचं नाही.

तर मग, जायचं की थांबायचं?

दोन्ही कडांवर थांबता येतं, मध्यम उतारावर सलग वळणं येतात, आणि कुणाला तरी शिकवून पाहिलं आहे : मार्चमध्ये परीक्षेला जा. यातलं पहिलंच अजून येत नाही : मार्चमध्ये फक्त शिकायला जा, प्रमाणपत्राची फी भरू नका आणि पुढच्या जानेवारीसाठी पैसे बाजूला ठेवा. दोन हंगामांचा हा रस्ता लांब वाटतो, पण एका हंगामात दोनदा नापास होण्यापेक्षा स्वस्त पडतो.

दरवर्षी हैदराबादहून, मराठवाड्यातून शेकडो कुटुंबं काश्मीर-मनालीला जातात. पहिल्यांदा बोर्डवर उभ्या राहिलेल्या, घाबरलेल्या पोराला ‘गुडघे वाकव, खाली बघू नकोस, मी आहे’ हे त्याच्या बोलीत सांगणारा माणूस तिथे क्वचितच भेटतो. मराठी, तेलुगू आणि दखनी तिन्ही बोलणारा प्रशिक्षक या सीमाभागातून तयार झाला, तर त्याला काम शोधत फिरावं लागणार नाही. मात्र त्याने आधी स्वतः थांबायला शिकलेलं असावं.