खडेबाजारातलं मानवशास्त्र

मानवशास्त्र म्हणजे आदिवासींचा अभ्यास, ही समजूत आपल्याकडे पक्की रुळलेली आहे. तिला आधारही आहे. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिले, डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स निलगिरीतल्या तोडांकडे गेले, आणि या विषयाचे पायाभूत ग्रंथ अशाच मुक्कामांतून निघाले. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला हा विषय घेणारी मुलं दुसऱ्या पेपरासाठी आदिवासींवरची प्रकरणं घोकतात. त्यामुळे बेळगाव-निपाणीकडचा मुलगा ‘मला सामाजिक मानवशास्त्र शिकायचंय’ म्हणाला, की कुठल्या डोंगरात जाणार, असंच त्याला विचारलं जातं.

पूर्वपक्ष याहून भक्कम करता येतो आणि तसाच तो घ्यायला हवा. परक्या समाजात गेलं की पावलोपावली काहीतरी खटकतं, आणि खटकलं की माणूस प्रश्न विचारतो. आपल्या माणसांत काहीच खटकत नाही. शिवाय आपलं आपल्याला ठाऊकच असतं. ते लिहून काढलं तर फार तर चांगलं वार्तापत्र होईल, त्याला शास्त्र कसं म्हणायचं?

आधी इतिहास पाहू. रिव्हर्स यांनी १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत एक साधी पद्धत बसवली. माणसाला आईबाप, भावंडं, सोयरेधायरे यांची नावं विचारायची, वंशावळ कागदावर मांडायची, आणि कोण कोणाला काय म्हणतं, कोणाचं कोणाशी लग्न होऊ शकतं, कोण कोणाचं काय देणं लागतं, हे त्या आराखड्यावर वाचायचं. याच रिव्हर्स यांच्याकडे केंब्रिजला शिकले ते मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. पुढे मुंबई विद्यापीठात घुर्यांच्या हाताखाली इरावती कर्वे आणि म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास तयार झाले. श्रीनिवास ज्या मुलखात वाढले, तिथल्याच एका खेड्यात १९४८ साली त्यांनी मुक्काम टाकला आणि भारतीय खेड्याविषयीचं खूप वाचलं गेलेलं पुस्तक त्यातून झालं. कर्व्यांनी हेमलता आचार्यांबरोबर चक्क आठवडी बाजारांचा अभ्यास केला; डेक्कन कॉलेजनं तो १९७० मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणानं १९८५ मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पात देशातल्या साडेचार हजारांहून अधिक समाजांची नोंद झाली, आणि त्यात तुमचा-माझा समाजही आहे. म्हणजे डोंगरापासून बाजारापर्यंतची वाट या शास्त्रानं आपल्याच माणसांच्या पायांनी केव्हाच चालून टाकली आहे. ती बातमी वर्गापर्यंत पोचली नाही, एवढंच.

पण इतिहासानं आक्षेप मिटत नाही. ‘आपलं आपल्याला ठाऊकच असतं’ हे खरं आहे का, ते तपासायला हवं, आणि त्यासाठी बेळगावच्या खडेबाजाराइतकी चांगली जागा मला दिसत नाही.

लग्नसराईत इथल्या कापड दुकानात बस्ता बांधायला आलेलं घर पाहावं. मंडळी पांढऱ्या गादीवर ऐसपैस बसतात, चहा येतो, आणि आई पर्समधून चार घड्या घातलेला वहीचा कागद काढते. दुकानातला माणूस विचारतो, ‘काकू, आधी मानाच्या बघूया की देण्याघेण्याच्या?’ एवढं बोलून तोच माणूस पलीकडच्या गादीकडे वळून ‘बर्री अक्का’ म्हणतो आणि पुढचा सौदा कन्नडमध्ये करतो. कागदावर विहीणबाई, आत्या, मावश्या, मामी, करवली, नवरीची आजी. प्रत्येकीपुढे आकडा. मध्येच कुणीतरी हळू आवाजात म्हणतं, ‘थोरल्या जावेला आठशेची आणि धाकट्या नणंदेला बाराशेची? शोभतं का ते?’ एक साडी या ढिगातून त्या ढिगात जाते. मग मामाचा आहेर राहिला की काय, म्हणून कागद पुन्हा उलगडला जातो.

रिव्हर्स यांनी महिनोन्‌महिने विचारून जो आराखडा मिळवला, तो इथे आईच्या हातात तयार आहे. मात्र तिला विचारा, की नवऱ्याच्या आत्याला मानाची साडी का आणि चुलतीच्या बहिणीला कोणतीच का नाही? उत्तर येतं, ‘पद्धत आहे तशी.’ ती नियम पाळते, मोडला तर तिला लगेच कळतं, पण तो नियम काय आहे हे तिला सांगता येत नाही. सांगता यायची गरजही तिला कधी पडलेली नसते. वार्ताहर एका लग्नाची हकीकत लिहील. मानवशास्त्राचा विद्यार्थी वेगवेगळ्या जातींच्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या घरांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवील, आणि कोणतं नातं सगळीकडे वर राहतं, कोणतं कुठे गळतं, हे शोधील. वार्तापत्र आणि शास्त्र यांतला फरक इथे आहे. गडचिरोली आणि बेळगाव यांच्या अंतरात तो नाही.

मराठीपुरतं बोलायचं तर, देण्याघेण्याची साडी ही या अभ्यासातली सर्वांत मोलाची वस्तू आहे. ती नेसायची नसते. एका घरच्या लग्नात येते, कपाटात पडते, दुसऱ्या घरच्या बारशाला जाते, तिथून आणखी कुठे. कुणाकडून काय आलं हे आहेराच्या वहीत लिहिलेलं असतं, कारण फेड करायची असते. मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकानं १९२५ मध्ये दाखवलं, की देणं, घेणं आणि परत देणं ही तिन्ही बंधनं असतात. ट्रोब्रिअँडच्या बेटांवर मालिनोव्स्कींनी हेच फिरतं देणं पाहिलं होतं. तांबड्या शिंपल्यांच्या माळा एका दिशेनं, शंखाची कडी उलट दिशेनं, बेटाबेटांतून फिरत. कुणीही ती कायमची ठेवायची नाहीत. पण एक भेद पाहण्यासारखा आहे. त्या माळा-कड्यांना नावं असत, आणि पूर्वी कोणाकोणाच्या हातातून त्या आल्या यावर त्यांचा मान वाढे. आपली साडी आधी कोणाकडून आली हे लपवावं लागतं. देणारीनं ती ओळखली तर नात्यात खिळा बसतो. दोन्हीकडे वस्तू फिरते, पण एकीकडे तिचा इतिहास मिरवतात आणि दुसरीकडे पुसतात. हे लक्षात यायला मालिनोव्स्की वाचलेला असावा लागतो, हे मी मान्य करतो. परक्यांवरचे ग्रंथ वाचायचे ते यासाठी. खटकण्याची सवय तिथून लागते, आणि ती घेऊन घरी परत येता येतं.

आपलं आपल्याला ठाऊक नसतं, याचा याहून नेमका पुरावा सांगलीजवळच्या कुपवाडनं दिला आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये त्यावर लिहिलेला निबंध जगभर शिकवला जातो. कुपवाडला जैन आणि लिंगायत घरी कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित मराठी. पिढ्यान्‌पिढ्या शेजार असूनही कुणी घरची भाषा सोडली नव्हती. पण त्या तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी एकमेकींजवळ आली होती, की एका भाषेतल्या वाक्याचे शब्द जागच्या जागी बदलले की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार होई. बोलणाऱ्यांच्या लेखी त्या वेगवेगळ्या भाषा होत्या, आणि जातीची ओळख म्हणून त्या तशा राखल्याही जात. खाली काय झालं आहे ते शेजारी बसून, ऐकून, लिहून घेतल्यावर दिसलं. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर भाषेच्या प्रश्नावर जिवाचं रान करणाऱ्या या सीमाभागातल्या माणसाला हा निबंध माहीत असू नये, याची मला मनापासून खंत वाटते. आपली बाजू न सोडताही तो वाचता येतो.

इथली सीमा भाषेचीच नाही, नात्यांचीही आहे. कर्व्यांनी १९५३ च्या ग्रंथात नातेसंबंधांच्या दृष्टीनं भारताचे विभाग पाडले. महाराष्ट्र मधल्या विभागात आला, कर्नाटक दक्षिणेच्या. अनेक मराठी घरांत मामाची मुलगी करतात. कन्नड मुलखात अनेक समाजांत त्याशिवाय सख्खा मामाही भाचीशी लग्न करतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं अशी नाती निषिद्ध ठरवली, पण जिथे रूढी आहे तिथे मोकळीक ठेवली. खडेबाजारात या दोन विभागांची माणसं एकाच गादीवर बसतात. मामाची मुलगी केली, तर नवरीची सासू तिची आत्याच असते. नवरीच्या आईला विहीण आणि नणंद एकच. मामानंच भाची केली, तर सासू ही नवरीच्या आईची आई. नवरीच्या आजीला नवऱ्याकडून आजेचीर जायचं, अशी मराठी घरांतली जुनी रीत आहे. मामा-भाचीच्या लग्नात ही आजी नवऱ्याचीच आई, म्हणजे देणारं आणि घेणारं घर एकच होतं.

नवशिक्यानं सुरुवात इथून करावी. ओळखीच्या दुकानदाराची आणि बस्ता बांधणाऱ्या घराची परवानगी घेऊन गादीच्या कडेला बसावं, यादी उतरवून घ्यावी, प्रत्येक नावापुढे नातं दोन्ही बाजूंनी लिहावं, आणि त्याच रात्री टिपणं पुरी करावीत. पहिला प्रश्न तयारच आहे: सासू आणि आजी एकच असेल, तर तिच्यासाठी साड्या दोन निघतात की एक, आणि पैसे कोण देतं?