जोड्यानंतरची नियमावली

सुरतेचं काँग्रेस अधिवेशन फुटलं ते जहाल-मवाळांच्या मतभेदांमुळे, हे शाळेतच पाठ झालेलं असतं. पण 27 डिसेंबर 1907च्या दुपारी मांडवात नेमकं कशावरून बिनसलं, हे पाहिलं तर हाती लागते एक चिठ्ठी.

अधिवेशन खरं तर नागपूरला व्हायचं. तिथेच दोन्ही गटांची इतकी जुंपली की ते सुरतेला हलवलं. 26 तारखेला अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष यांच्या नावाला अनुमोदन द्यायला सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले आणि आरडाओरड्यात त्यांचं भाषणच बुडालं. सभा दुसऱ्या दिवसावर गेली.

दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे चिठ्ठी पाठवली. अनुमोदन झाल्यावर आपल्याला बोलायचं आहे, सभा तहकूब करण्याची सूचना मांडायची आहे, नाव पुकारावं, असा तिचा आशय. उत्तर आलं नाही. घोष निवडून आल्याचं जाहीर झालं, ते भाषणाला उभे राहिले, आणि टिळक थेट मंचावर गेले. निवड झाली, आता सूचना नियमबाह्य, असं अध्यक्षांचं म्हणणं. आपण वेळेत कळवलं होतं, असं टिळकांचं. ते हाताची घडी घालून उभेच राहिले. खुर्च्या उचलल्या गेल्या. गर्दीतून एक दक्षिणी जोडा भिरभिरत आला, तो सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला. हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता. त्या जोड्याचं तांबडं चामडं आणि टोकदार पुढा त्याने बारकाईने टिपून ठेवला आहे.

चूक कोणाची, यावर दोन्ही बाजूंनी पत्रकं निघाली. मतभेद इतके खोल होते की चिठ्ठीला उत्तर देऊन ते मिटले असते असं नाही. पण निदान ते मतमोजणीपर्यंत पोहोचले असते.

असल्या पेचांवर अमेरिकेत 31 वर्षं आधीच एक पुस्तक निघालं होतं. हेन्री मार्टिन रॉबर्ट हा लष्करातला इंजिनिअर. 1863 साली न्यू बेडफर्डमध्ये त्याला अचानक एका सभेचं अध्यक्षपद मिळालं आणि सभा पार हाताबाहेर गेली. ती नामुष्की त्याच्या मनाला इतकी लागली की त्याने संसदीय रिवाजांचा अभ्यास सुरू केला. 1876 साली त्याने पदरच्या पैशांनी 4,000 प्रती छापल्या; त्या दोनेक वर्षं पुरतील असा त्याचा अंदाज होता, चार महिन्यांत संपल्या. त्याचे नियम साधे आहेत. बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. टीका प्रस्तावावर करायची, मांडणाऱ्याच्या हेतूवर नाही. ज्यांना बोलायचं आहे ते सगळे एकदा बोलून होईपर्यंत कोणाला दुसऱ्यांदा संधी नाही. हा शेवटचा नियम आजच्या कोणत्याही ऑफिसात लावून पाहावा. निम्म्या साहेबांची पंचाईत होईल.

काँग्रेसलाही नियम सुचले, पण जोड्यानंतर. एप्रिल 1908मध्ये अलाहाबादला मवाळांनी घटना आणि सभा चालवण्याची नियमावली तयार केली. त्यात मेख होती: प्रतिनिधीला काँग्रेसच्या उद्दिष्टांवर आधी सही करणं भाग होतं. शिस्त आली, तशी दाराला कडीही लागली. टिळक पुन्हा काँग्रेसच्या अधिवेशनात दिसले ते 1916 साली, लखनौला.

पुढे पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांनी ‘सभाशास्त्र’ लिहिलं. मराठी कार्यक्रमपत्रिकांच्या तळाशी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ ही ओळ तर कायमचीच बसली. कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकीला आज कायद्याने साधारणपणे सात दिवसांची नोटीस लागते. त्याच कंपनीतल्या सोमवार सकाळच्या मीटिंगला मात्र कसलाच कायदा नाही. तिथे विषयपत्रिका साहेबांच्या डोक्यात असते आणि ‘आयत्या वेळचे विषय’ पहिल्याच मिनिटाला सुरू होतात.