तुपाचा आकडा आणि आटपाडीची म्हैस

मागच्या दिवाळीआधी आटपाडीहून मावशीचा फोन आला. तिच्या बचत गटाचं तूप एका व्यापाऱ्याने प्रयोगशाळेत पाठवलं होतं आणि अहवाल विरोधात आला होता. आर.एम. कमी, बी.आर. थोडा जास्त. व्यापाऱ्याने डबे परत केले आणि वर एक वाक्य ऐकवलं, "तुमच्यात कुणीतरी डालडा घालतंय." मावशी मला म्हणाली, "अगं, तू ह्यातलंच शिकतीस ना? मग सांग, माझ्या म्हशीनं डालडा खाल्ला का?"

मला हसू आलं. मग अहवालाचा फोटो उघडला आणि हसू थांबलं, कारण तिचा प्रश्न जवळजवळ बरोबर होता. म्हशीने डालडा नाही, पण सरकी खाल्ली होती. आणि तुपाच्या आकड्यांना या दोन गोष्टींमधला फरक नीट कळत नाही. हे काही नवं नाही. सरकारला निदान सत्तर वर्षं माहीत आहे. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी स्वतः हा इतिहास वाचला नव्हता, थेट क्रोमॅटोग्राफीच्या मशीनपाशी जाऊन बसले होते. तुम्ही तसं करू नये म्हणून हा लेख.

आधी आर.एम. म्हणजे काय ते बघू. पूर्ण नाव रायखर्ट-माइसल मूल्य. दुधाच्या स्निग्धात ब्युटिरिक आम्लासारखी आखूड साखळीची आम्लं असतात. पाम, सरकी, शेंगदाणा, चरबी यांत ती जवळपास नसतात. म्हणून पाच ग्रॅम तूप घ्यायचं, त्याचं साबणीकरण करायचं, आम्ल टाकून ऊर्ध्वपातन करायचं, ११० मिलि द्रव गोळा करायचा, तो गाळून त्यातल्या १०० मिलिला किती डेसिनॉर्मल अल्कली लागते ते मोजायचं. जितके मिलि लागले त्याच्या १.१ पट आर.एम. लक्षात घ्या, यात सगळं ब्युटिरिक आम्ल मोजलं जात नाही. ठरलेल्या मापाच्या फ्लास्कमधून, ठरलेल्या वेळात, जेवढं उडून येतं तेवढंच मोजलं जातं. फ्लास्क बदलला, आच बदलली, तर आकडाही हलतो. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं की हा तुपाचा गुणधर्म आहे. खरं तर तो तूप आणि उपकरण दोघांचा मिळून आहे.

ही पद्धत आली १८७९ मध्ये, एमिल रायखर्ट या जर्मन रसायनज्ञाकडून. त्यामागचं कारण होतं मार्गारीन. १८६९ मध्ये फ्रान्समध्ये मेज-मूरिएस यांनी गाईच्या चरबीपासून लोण्याला पर्याय तयार केला, तिसऱ्या नेपोलियनला सैन्यासाठी आणि गरिबांसाठी स्वस्त लोणी हवं होतं म्हणून. दहा वर्षांत हा पर्याय लोण्याच्या नावाने विकला जाऊ लागला आणि दोन्ही वेगळे ओळखायची गरज पडली. माइसल यांनी नमुना पाच ग्रॅमचा केला, पुढे वोल्नी यांनी कृती आणखी काटेकोर बांधली.

पहिला मोठा घोळ याच पद्धतीने हॉलंडमध्ये घातला. शरद ऋतूत, गाई दुभत्या काळाच्या शेवटाकडे आलेल्या असताना, तिथल्या अगदी शुद्ध लोण्याचा आर.एम.सुद्धा खाली जायचा. ब्रिटिश विश्लेषक ते भेसळीचं म्हणत, डच शेतकरी चिडत. डचांनी यावर काढलेला उपाय मला आजही फार हुशारीचा वाटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लोणी-नियंत्रण केंद्रं उभारली. सदस्य कारखान्यांचं लोणी तिथे वर्षभर नियमित तपासलं जायचं आणि त्या लोण्याला सरकारी चिन्ह मिळायचं. त्यामुळे ऑक्टोबरच्या नमुन्याची तुलना पुस्तकातल्या आकड्याशी करावी लागत नव्हती, त्याच भागातल्या त्याच हंगामातल्या लोण्याशी करता येत होती. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

जर्मनीने वेगळा रस्ता धरला. १८९७ च्या कायद्याने मार्गारीनमध्ये १० टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तिळाच्या तेलाला फुरफुराल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर लालसर रंग येतो, तीच बोदुआँ चाचणी. म्हणजे कायद्याने नकली मालालाच छुपी खूण बांधली. लोणी लाल झालं की चोर सापडला.

हाच विचार आपल्याकडे आला तो वनस्पती तुपाबरोबर. १९३० च्या दशकात मुंबईत शिवडीला हायड्रोजनेटेड तेलाचा कारखाना उभा राहिला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. योगायोग असा की शेतमालाच्या प्रतवारीचा, म्हणजे अॅगमार्कचा, कायदाही १९३७ चाच. वनस्पतीवर बंदी घाला, निदान त्याला रंग तरी द्या, ही मागणी स्वातंत्र्यानंतर संसदेत पुन्हा पुन्हा झाली. पण उष्णतेत टिकेल, अपाय करणार नाही आणि काढूनही टाकता येणार नाही असा रंग मिळाला नाही. राहिली ती तिळाची खूण. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे असा नियम झाला. तुपाची बोदुआँ चाचणी 'निगेटिव्ह' आली पाहिजे, हा त्याचाच दुसरा भाग.

आता या खुणेचं दुबळेपण बघा. ती फक्त नियम पाळून बनवलेल्या वनस्पतीला पकडते. तुपात कुणी रिफाइंड पाम तेल किंवा चरबी घातली तर त्यात तीळ नसतोच, मग रंग कुठून येणार? उलट काही कृत्रिम रंग नुसत्या हायड्रोक्लोरिक आम्लानेही लाल होतात, म्हणून फुरफुरालशिवायची चाचणी वेगळी करून बघावी लागते. मावशीच्या अहवालात बोदुआँ निगेटिव्ह होती. "डालडा घातला" म्हणणाऱ्याने ती ओळ वाचलीच नव्हती, कारण डालडा असता तर तीच ओळ आधी बोलली असती.

अशा सरकारी खुणेची सगळ्यात भयानक कथा मात्र ऑलिव्ह तेलाच्या देशातली आहे. स्पेनमध्ये देशी ऑलिव्ह तेलाला संरक्षण म्हणून आयात रेपसीड तेलात अॅनिलिन मिसळायची सक्ती होती, म्हणजे ते फक्त कारखान्यात वापरलं जाईल. १९८१ मध्ये काही व्यापाऱ्यांनी ते अॅनिलिन काढण्यासाठी तेल पुन्हा शुद्ध केलं आणि खाण्याचं तेल, ऑलिव्ह तेल, म्हणून फिरत्या बाजारांतून स्वस्तात विकलं. वीस हजारांवर लोक आजारी पडले, शेकडो मेले. खूण होती ती तेल ओळखता यावं म्हणून, आणि ती काढण्याच्या धंद्यातून विषारी तेल घराघरात गेलं.

परत तुपाकडे येते. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५५ मध्ये लागू झाला. त्याच्या नियमांत तुपाचा एक तक्ता होता, राज्यागणिक वेगवेगळा आर.एम. पंजाबला किमान २८. महाराष्ट्राला किमान २६, पण 'कापूस पट्टा' वगळून. कापूस पट्ट्याला किमान २०, आणि बी.आर. म्हणजे ब्युटिरो-रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा थोडा जास्त चालेल. कापूस पट्टा कोणता? जिथे जनावरांना सरकी मोठ्या प्रमाणात घालतात आणि राज्य सरकारने तसं जाहीर केलंय तो भाग.

मला हा तक्ता पहिल्यांदा वाचताना कौतुक वाटलं होतं. कुणीतरी शास्त्रज्ञाने सरकारला पटवून दिलं होतं की सरकीतलं तेल जनावराच्या पोटात गेलं की दुधातली आखूड आम्लं कमी होतात, आर.एम. उतरतो, बी.आर. चढतो. म्हणजे नेमकं तेच चित्र दिसतं जे बाहेरचं तेल मिसळल्यावर दिसतं. त्या शेतकऱ्याला तुरुंगात घालू नका, असं त्या ओळीत लिहिलंय.

पण या ओळीत दोन गृहीतकं लपली होती. एक, सरकी कापसाच्या शेताजवळच खाल्ली जाते. दोन, तूप कुठल्या गावचं हे तपासणाऱ्याला माहीत असतं. आमच्या सातारा-सांगलीचं नाव काढलं की ऊस, हळद, द्राक्षं आठवतात, कापूस कुणाला आठवत नाही. तरी माण, खटाव, आटपाडी, जत, कुठेही दुष्काळी गावात जा, गोठ्याच्या कोपऱ्यात सरकीच्या पेंडीचं पोतं दिसेलच. हिरवा चारा नाही, कडबा संपत आलाय, तर म्हशीला दुधावर ठेवायला पेंड आणि भिजवलेली सरकी. कापूस विदर्भ-खानदेशात राहतो, सरकी ट्रकमधून फिरते. कायद्याने भूगोल मोजला आणि खुराक मोजायचा राहून गेला. दुसरं गृहीतक तर त्याहून कच्चं. सुट्या तुपाच्या डब्यावर गाव लिहिलेलं नसतं, आणि लिहिलेलं असलं तरी आर.एम. ते तपासू शकत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग सरकी ओळखणारी चाचणी लावा. आहे ना, हाल्फेन चाचणी. सरकीच्या तेलातल्या विशिष्ट आम्लांमुळे लाल रंग येतो. पण ती आम्लं दुधातही उतरतात. म्हणजे हाल्फेन पॉझिटिव्ह आली तर तूप सरकी खाल्लेल्या म्हशीचं असेल, नाहीतर तुपात सरकीचं तेल असेल. परत तिथेच.

आता दुसरी बाजू, जिचा मला जास्त राग येतो. चांगला ओला चारा खाणाऱ्या म्हशीच्या तुपाचा आर.एम. सहज तिशीच्या वर जातो. समजा तो ३४ आहे. त्यात २० टक्के रिफाइंड पाम मिसळलं, ज्याचा आर.एम. शून्याच्या आसपास, तर मिश्रणाचा येईल साधारण २७.२. किमान २६ होता, म्हणजे पास. बोदुआँ निगेटिव्ह, पास. पाचातला एक भाग पाम असलेलं तूप कागदावर शुद्ध, आणि मावशीचं काहीही न मिसळलेलं तूप नापास. किमान मर्यादा म्हणजे भेसळ करणाऱ्याला दिलेलं मोजमाप असतं, किती घालायचं याचं. ट्रायब्युटिरिनसारखं संयुग थोडं घातलं तर आर.एम. वाढवताही येतो, रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यात अवघड काही नाही.

जुन्या कायद्यात तर प्रमाणाखाली उतरलेलं अन्न म्हणजे 'भेसळयुक्त', मग कुणी काही घातलेलं असो वा नसो. १९७६ च्या दुरुस्तीने एक सवलत आली, नैसर्गिक कारणाने दर्जा उतरला तर भेसळ धरू नये. पण ती फक्त 'प्राथमिक अन्ना'ला, म्हणजे शेतातून निघालेल्या मूळ रूपातल्या मालाला. तूप कढवलेलं, त्यामुळे ते बाहेर. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने, जो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला, 'कमी दर्जाचं' आणि 'असुरक्षित' हे वेगळे केले. कमी दर्जाच्या मालाला पाच लाखांपर्यंत दंड. कायदेशीर फरक मोठा आहे, पण बाजारात अजून दोन्हीला एकच शब्द आहे, भेसळ.

मग आधुनिक मशीन? जर्मनीत कील इथे प्रेख्ट यांनी १९९० च्या दशकात गॅस क्रोमॅटोग्राफीने ट्रायग्लिसराइडांचे प्रमाण मोजून सूत्रं तयार केली. त्यावर आयएसओ १७६७८ हे प्रमाण उभं आहे. 'एस व्हॅल्यू' हा शब्द सप्टेंबर २०२४ मध्ये तिरुपतीच्या लाडवांच्या वादात टीव्हीवर सगळ्यांनी ऐकला. टीव्हीवर न आलेला भाग असा की त्या प्रयोगशाळेच्या अहवालातच इशारा छापलेला होता: जनावर उपाशी असेल, त्याच्या खाण्यात वनस्पती तेल फार असेल, तर चुकीचा पॉझिटिव्ह येऊ शकतो. प्रमाणातही हे अपवाद आहेत, आणि ते गाईच्या दुधासाठी बेतलेलं आहे. त्या वादात कोण खरं हा माझा विषय नाही. माझा विषय एवढाच की उपाशी जनावर आणि तेलकट खुराक हे युरोपात अपवाद असतील, आमच्याकडे मार्च ते जूनमधला तो नेहमीचा गोठा आहे. आणि त्यात म्हैस!

ऑलिव्ह तेलवाल्यांचंही असंच झालंय. शुद्ध तेलात कॅम्पेस्टेरॉल ४ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं हा आंतरराष्ट्रीय आकडा भूमध्य समुद्राकाठच्या झाडांवरून ठरला. ऑस्ट्रेलियात बार्निया जातीच्या झाडाचं अस्सल तेल तो ओलांडतं. तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं वाद घातला. त्यांच्याकडे स्वतःच्या नमुन्यांचे आकडे होते म्हणून घालता तरी आला.

तुम्ही संशोधनाचा विषय शोधत असाल तर इथे जागा आहे, आणि महागडं मशीन ही त्यातली शेवटची गरज आहे. आधी लागतं ते डचांचं काम: एकाच तालुक्यात, ज्या म्हशींचा खुराक लिहून ठेवलाय त्यांचं, समोर कढवलेलं तूप, वर्षाच्या बाराही महिन्यांचं. समोर कढवलेलं हा शब्द सोडू नका. दुकानातून 'शुद्ध तूप' आणून त्याला कंट्रोल म्हणणारे प्रबंध मी वाचलेत, माझ्या पहिल्या प्रस्तावातही तेच होतं. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, शुद्ध आहे हे कसं कळलं? माझ्याकडे उत्तर होतं, आर.एम. बघून. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

जानेवारीपासून मी दर महिन्याला आटपाडीला जाते. गटातल्या बायका वहीत लिहितात, कडबा किती पेंढ्या, पेंड किती, सरकी किती, म्हैस व्यायला किती महिने झाले. मे महिन्याच्या पानावर एका काकूंनी हिरव्या चाऱ्याच्या रकान्यात नुसती रेघ मारलीय. मावशी तूप माझ्यासमोर कढवते, बाटलीत ओतून देते आणि दर वेळी विचारते की तपासून झाल्यावर उरलेलं परत मिळणार का.