मिनिमलिझम
१९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड जड प्रभृतींमुळे पुढे आलेला कलाप्रवाह. मोजक्या वस्तूंत जगण्यालाही पुढे हेच नाव लागले. सातारा-सांगलीत असे जगणे त्याआधीच, शिक्षणाच्या गरजेतून रुजले होते. मूळचे ऐतवडे बुद्रुकचे कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी १९१९मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, जेवत आणि अंगमेहनतीची कामे स्वतः करत. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले; त्यांच्या या त्यागाची नोंद कर्मवीरांच्या कीर्तीइतकीच ठळक हवी. श्रमाच्या मोबदल्यात शिकवणारी ‘कमवा व शिका’ योजना याच संस्थेने महाराष्ट्रभर नेली.