स्वयंपाकघरातलं टेबल आणि दोन भाषा: कॅनडातल्या छोट्या क्रीडा संघटनांची गोष्ट

आजचा भाग खेळाचा आहे, पण आधीच सांगून ठेवतो, यात शेवटच्या चेंडूवरची सिक्सर नाही. आज आपण खेळाच्या मागच्या खोलीत जाणार आहोत. तिथे सचिव असतो, खजिनदार असतो, वार्षिक सभेची नोटीस असते आणि ती नोटीस वेळेत गेली की नाही यावरून भांडण असतं.

मला या गोष्टी पदकांपेक्षा जास्त आवडतात. कारण एखादा देश स्वतःबद्दल भाषणात काय बोलतो ते एक, आणि दहा माणसांची संघटना आपलं इतिवृत्त कुठल्या भाषेत लिहिते ते वेगळंच. खरा देश मला बऱ्याचदा त्या इतिवृत्तात सापडतो.

तर आजचा देश कॅनडा. आणि सुरुवात करूया अशा एका खेळापासून, ज्याचं नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलं नसेल. ब्रूमबॉल.

ब्रूम म्हणजे झाडू. बर्फाचं मैदान हॉकीचंच, पण पायात स्केट्स नाहीत, रबरी तळाचे बूट. हातात हॉकी स्टिकऐवजी झाडूच्या आकाराची काठी आणि पक ऐवजी चेंडू. एका बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. आता काठीचं टोक प्लास्टिकचं असतं, पण जुन्या काळी खराखुरा घरातला झाडू घ्यायचे, कापून आखूड करायचे आणि टेप गुंडाळून कडक करायचे. सस्कॅचवान प्रांतातल्या पर्ड्यू नावाच्या छोट्या गावात १९०९ साली हा खेळ झाल्याची नोंद सांगतात. स्केट्स विकत घ्यायला पैसे नसले तरी झाडू प्रत्येक घरात असतोच!

आता गंमत बघा. इंग्रजीत ब्रूमबॉल. फ्रेंचमध्ये लोक त्याला ‘बालों-बाले’ म्हणायचे, म्हणजे शब्दशः चेंडू-झाडू. पुढे क्युबेक प्रांतातल्या संघटनेने नाव घेतलं ‘बालों सुर ग्लास’, म्हणजे बर्फावरचा चेंडू. झाडू गेला! इंग्रजी नावात झाडू अजून आहे, फ्रेंच नावातून तो निघून गेला. खेळ एकच, पण एका भाषेत तो घरातला आणि दुसऱ्या भाषेत जरा प्रतिष्ठित. भाषांतर म्हणजे नुसती शब्दांची अदलाबदल नसते, हे इथेच कळतं.

आता जरा मागे जाऊ. १९६० च्या आधी कॅनडातल्या बहुतेक हौशी खेळांच्या राष्ट्रीय संघटना कुठे होत्या माहितीये? कुणाच्या तरी घरात. तिथले क्रीडा-इतिहासकार या काळाला चक्क ‘स्वयंपाकघरातल्या टेबलाचा काळ’ म्हणतात. रात्रीची जेवणं झाली की टेबल पुसायचं आणि त्याच टेबलावर राष्ट्रीय संघटनेचा पत्रव्यवहार सुरू. सचिव बदलला की कागदपत्रांचं कपाट नव्या सचिवाच्या घरी. पगार कुणालाच नाही.

मग दोन-तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. १९५९ मध्ये इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी कॅनडातल्या डॉक्टरांच्या संघटनेपुढे भाषण करताना कॅनडियन लोकांच्या तब्येतीवर जाहीर टीका केली. पुढच्याच वर्षी, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये, कॅनडाला मोजून एक पदक मिळालं, रोइंगमधलं रौप्य. एवढा मोठा देश आणि एक पदक! १९६१ मध्ये पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांच्या सरकारने तंदुरुस्ती आणि हौशी खेळ यांच्यासाठी कायदा केला आणि वर्षाला ५० लाख डॉलरपर्यंत खर्च करायची तयारी दाखवली. खेळ ही सरकारची जबाबदारी आहे, हे तिथे पहिल्यांदाच एवढं ठळकपणे कागदावर आलं.

आणि मग येतं १९६९. या एका वर्षात दोन कागद आले. पहिला, राजभाषा कायदा. पंतप्रधान पिएर ट्रूडो यांच्या सरकारने ठरवलं की केंद्र सरकारच्या कारभारात इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषा समान. दुसरा, खेळांबद्दलचा कृतिगटाचा अहवाल. तो लिहिणाऱ्या तिघांत एक होती नॅन्सी ग्रीन, १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीइंगचं सुवर्ण जिंकलेली खेळाडू. या अहवालाचं एक सांगणं असं की टेबलावरचा कारभार पुरे झाला, संघटनांना नीट ऑफिस द्या, पगारी माणसं द्या.

झालं! सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राजधानी ओटावात एक राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. एका छताखाली कित्येक संघटना. सरकारी पैशातून कार्यकारी संचालक, तांत्रिक संचालक, टायपिस्ट, छपाईची सोय. पुढे हे केंद्र ज्या रस्त्यावर गेलं त्याला नाव होतं जेम्स नेस्मिथ यांचं. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये बास्केटबॉल शोधून काढणारे नेस्मिथ मूळचे ओटावाजवळच्या आल्मोंटचे. पत्ता तरी झकास होता.

पण सरकारी पैसा आला की सोबत सरकारी अट येते. तुम्ही जनतेच्या पैशावर चालता ना? मग जनतेच्या दोन्ही भाषांत बोला. साधारण पाचातल्या एका कॅनडियन माणसाची भाषा फ्रेंच आहे. त्यातले बहुतेक क्युबेकमध्ये, पण न्यू ब्रन्सविक, ऑन्टॅरिओ, मॅनिटोबा इथेही आहेत.

आता तुम्ही त्या छोट्या संघटनेच्या जागी स्वतःला ठेवून बघा. हॉकीवाल्यांचं ठीक आहे, त्यांच्याकडे प्रायोजक आहेत. पण ओरिएंटियरिंग, तलवारबाजी, ब्रूमबॉल? तिथे एक-दीड पगारी माणूस, बाकी सगळे आपापली नोकरी सांभाळून येणारे. आणि भाषांतर कशाकशाचं? नियमपुस्तिका, प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम, पंचांची परीक्षा, वार्षिक सभेची नोटीस, ताळेबंद, संघनिवडीचे निकष. प्रत्येक शब्दाला पैसे. तेवढ्याच पैशात ज्युनिअर संघाचं विमानाचं तिकीट निघालं असतं, असं सभेत कुणीतरी म्हणणारच. आणि तो माणूस दुष्ट नसतो बरं का. त्याच्यापुढे खरोखरच दोन बिलं असतात आणि खात्यात एकाचेच पैसे.

म्हणून मग एक पळवाट निघते. इंग्रजी मसुदा आज पाठवायचा आणि फ्रेंच ‘लवकरच येत आहे’. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण समजा तो कागद संघनिवडीच्या निकषांचा आहे. निवडीविरुद्ध दाद मागायची मुदत अमुक दिवस. इंग्रजी वाचणाऱ्या मुलीला पूर्ण मुदत मिळाली, फ्रेंच वाचणाऱ्या मुलीला कागद हातात यायलाच निम्मी मुदत गेली. मैदान दोघींना सारखंच, पण एकीची शर्यत उशिरा सुरू झाली.

अजून एक कलम सांगतो, ते मला फार बोलकं वाटतं. कॅनडाच्या राज्यघटनेप्रमाणे संसदेच्या कायद्याची इंग्रजी आणि फ्रेंच प्रत दोन्ही सारख्याच अधिकृत. फ्रेंच प्रत हे भाषांतर नव्हे, तोही कायदाच. पण राष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या नियमावल्या उघडून बघा. त्यातल्या कित्येकांत शेवटी-शेवटी एक ओळ असते. तिचा अर्थ असा की ही नियमावली इंग्रजीत लिहिली आहे, फ्रेंच हे तिचं भाषांतर आहे आणि दोन्हींत फरक पडला तर इंग्रजी खरं धरायचं. पहिल्या पानावर दोन्ही भाषांतलं नाव, दोन्ही भाषांतलं बोधचिन्ह, आणि शेवटच्या पानावर ही ओळ! वकिलाच्या दृष्टीने सोयीचं कलम आहे, वाद लवकर मिटतात. पण फ्रेंच वाचणाऱ्या सभासदाला त्यातून काय ऐकू येतं? की तुला समजावं म्हणून आम्ही हे लिहिलंय, तुझ्यावर लागू होईल ते मात्र दुसरंच.

हे फक्त कागदावर राहत नाही. सन २००० मध्ये राजभाषा आयुक्त डियान आदाम यांनी क्रीडा व्यवस्थेतल्या दोन्ही भाषांच्या स्थितीवर स्वतंत्र अहवाल काढला. राष्ट्रीय पातळीवर फ्रेंच खेळाडूंना त्यांच्या भाषेत प्रशिक्षण आणि सेवा मिळण्यात अडचणी आहेत, हे त्यातून पुढे आलं. म्हणजे वर चढायचं तर आधी इंग्रजी शिका. पोहण्यात किंवा धावण्यात भाषेचा काय संबंध, असं आपल्याला वाटतं. पण कोच सूचना ओरडतो ती भाषेतच. दुखापत झाली की कुठे दुखतंय हे डॉक्टरला सांगायचं तेही भाषेतच.

आणि आता २०१० चं व्हँकुव्हर. कॅनडाने याआधी दोनदा ऑलिंपिक भरवलं होतं, १९७६ ला मॉन्ट्रियल आणि १९८८ ला कॅलगरी. दोन्ही वेळा घरच्या मैदानावर एकही सुवर्ण नाही! १२ फेब्रुवारी २०१० ला व्हँकुव्हरचा उद्घाटन सोहळा झाला आणि त्यात फ्रेंच फारच कमी होती म्हणून तक्रारी सुरू झाल्या. मंत्र्यांनीही नाराजी बोलून दाखवली. आणि दोनच दिवसांनी, १४ तारखेला, कॅनडाला स्वतःच्या भूमीवरचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं. जिंकणारा होता अलेक्झांडर बिलोडो, क्युबेकचा, मातृभाषा फ्रेंच. इतिहासाला कधीकधी असं टायमिंग जमतं.

आता परत आपल्या टेबलाकडे येऊ. १९८८ मध्ये सोलला बेन जॉन्सनने १०० मीटर ९.७९ सेकंदांत जिंकली आणि तीन दिवसांत उत्तेजकामुळे पदक परत गेलं. न्यायमूर्ती चार्ल्स डुबिन यांची चौकशी बसली, १९९० मध्ये अहवाल आला. संघटनांवर देखरेख वाढली, फॉर्म वाढले. आणि नव्वदच्या दशकात सरकारने खर्चाला कात्री लावली. ओटावातल्या केंद्रातून संघटना बाहेर पडू लागल्या, छोट्यांचे पगारी लोक गेले. २००९ मध्ये बिगर-नफा संस्थांसाठी नवा कायदा झाला आणि ऑक्टोबर २०१४ पर्यंत प्रत्येक संघटनेला आपली घटना त्यात बसवून घ्यावी लागली. अलीकडे खेळाडूंच्या छळाच्या तक्रारी स्वतंत्र यंत्रणेकडे द्यायची पद्धत आली. ती गरजेचीच होती, पण त्याचेही करार, धोरणं, प्रशिक्षण, सगळं दोन भाषांत.

म्हणजे काम राष्ट्रीय केंद्राच्या काळासारखं आणि जागा पुन्हा स्वयंपाकघराची. टेबल तेच, फक्त कपाटाऐवजी लॅपटॉप. आता भाषांतराचं सॉफ्टवेअर आहे म्हणा. पण ‘अपील करू शकतो’ आणि ‘अपील केलं पाहिजे’ यातला फरक यंत्राने चुकवला तर तो पकडायला माणूस लागतोच. आणि तो माणूस बहुतेक वेळा क्युबेकचा एखादा संचालक असतो, जो बिनपगारी काम करतो आणि वर दुसऱ्यांचं फ्रेंचही तपासून देतो.

यात एक तिसरी गोष्ट मिसळली आहे आणि तिथे आपलाही संबंध येतो. कॅनडाच्या क्रिकेट संघाकडे बघा. १८४४ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकेविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला हा देश. आज त्या संघात भारतीय, पाकिस्तानी, कॅरिबियन मुळांचे खेळाडू भरपूर. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी इंग्रजीही नाही आणि फ्रेंचही नाही. तिकडच्या मराठी घरांतली काही मुलं फ्रेंच इमर्शन शाळेत जातात, म्हणजे बहुतेक विषय फ्रेंचमधून. ही पद्धत १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सेंट-लॅम्बर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहातून सुरू झाली. घरी मराठी, मैदानात इंग्रजी, वर्गात फ्रेंच, असं मूल उद्या एखाद्या छोट्या संघटनेचं सचिव झालं तर? मला वाटतं, भाषांतराची नोटीस उशिरा का जाऊ नये हे त्याला समजवावं लागणार नाही. आजीचा फोन आणि शाळेचा फॉर्म यांच्यामध्ये ते लहानपणापासून दुभाष्याचंच काम करत आलेलं असतं.

मी स्वतः कुठल्या बाजूला आहे? ज्युनिअर संघाचं तिकीट हवं म्हणणाऱ्या माणसाचंही मला पटतं. पण मग पैसे देणाऱ्यानेही हिशेब नीट करावा. दोन भाषांची अट घालायची आणि भाषांतराचा खर्च संघटनेच्या वडापाव-बजेटमधून काढायला लावायचा, हे काही बरोबर नाही. आणि संघटनेने निदान तीन कागद तरी दोन्ही भाषांत एकाच दिवशी काढावेत: निवडीचे निकष, तक्रारीची पद्धत आणि सभेची नोटीस. बाकी माहितीपत्रक आठवडाभर उशिरा आलं तरी कुणाचं करिअर बुडत नाही.

तर तुम्ही एखाद्या क्लबच्या, मंडळाच्या, सोसायटीच्या कमिटीवर असाल, तर पुढची नोटीस पाठवताना एकदा बघा. ती कुणाला वाचता येते आणि कुणाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते? मला नक्की कळवा.