कुत्र्यांचा हट्टी जंतू आणि जुनी आंघोळ

मेथिसिलिनची गोष्ट माणसांच्या बाजूने आपण बरेचदा ऐकलेली असते. 1959 साली औषध आलं आणि 1961 मध्ये इंग्लंडात त्याला न जुमानणारे जंतू सापडलेसुद्धा. आज तीच गोष्ट आपण कुत्र्यांच्या बाजूने बघू.

कुत्र्याच्या अंगावर पुळ्या येतात, केस झडतात, तो खाजवत सुटतो. हे करणाऱ्या जंतूचं धड नावही आपल्याला ठाऊक नव्हतं. 1976 पासून त्याला स्टॅफिलोकॉकस इंटरमिडियस म्हणत. 2005 साली बेल्जियममधल्या संशोधकांनी मांजर, कुत्रा, घोडा आणि पोपट (हो, पोपट!) यांच्याकडून मिळालेल्या जंतूंवरून स्यूडइंटरमिडियस ही नवी जात वेगळी काढली. दोन वर्षांत कळलं, कुत्र्यांमधला नेहमीचा जंतू हाच.

आणि नेमका त्याच सुमारास तो मेथिसिलिनला दाद देईनासा झाला. त्याच्यात मेकए हे जनुक आलं की पेनिसिलिनचं जवळपास सगळं कुळ बाद. पशुवैद्यांची नेहमीची सेफॅलेक्सिनची गोळीही बाद. 2010 साली देशोदेशीचे नमुने ताडून पाहिले, तर युरोपात एक वंश आणि उत्तर अमेरिकेत दुसरा वंश माजलेला दिसला. म्हणजे दर कुत्र्यात हा दोष नव्याने उपजत नव्हता, ठरावीक वंशच पसरत होते.

मग हातात उरलं काय? रिफॅम्पिसिन, जे आपल्याला क्षयाच्या औषधांमुळे माहीत आहे. पण ते यकृताला जड. व्हँकोमायसिन, लिनेझोलिड ही माणसांची शेवटची औषधं. ती कुत्र्याला द्यावीत का? टेबलावर आपलं जनावर कण्हत असताना 'नाही' म्हणणं सोपं नसतं. तरी आम्हाला 'नाही' हेच उत्तर बरोबर वाटतं. युरोपीय संघाने तर 2022 साली ही औषधं जनावरांना द्यायला कायद्यानेच बंदी केली.

तेव्हा पशुवैद्य वळले ते 1950च्या दशकात इंग्लंडमध्ये निघालेल्या क्लोरहेक्सिडिनकडे. 2015 साली 51 कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना 4 टक्के क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू आणि द्रावण, काहींना तोंडाने प्रतिजैविक. चार आठवड्यांनी दोन्हीकडे गुण सारखाच, हट्टी जंतू असलेल्यांतही! अर्थात हे वरवरच्या पुळ्यांपुरतं. जखम खोल असेल तर पू तपासायला पाठवून, कोणतं औषध चालतं ते पाहिल्याशिवाय गोळी सुरू करू नये. आणि शाम्पूचा फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यावा लागतो. भिजलेल्या लॅब्रॅडॉरला तेवढा वेळ धरून ठेवणं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.