आलाच आहात तर

सिडकोची स्थापना १९७० सालची, खाडीपूल १९७३ सालचा आणि माझा वाशीतला दवाखाना १९७९ सालचा. पहिल्या दोन घटनांची इतिहासानं नोंद घेतली. तिसरीची फक्त घरमालकाच्या वहीनं.

त्या वेळी वाशी नकाशात शहर होतं, पायाखाली चिखल. रस्त्यांना नावं नव्हती, सेक्टरांना आकडे होते आणि इमारती सगळ्या जुळ्या बहिणी! एकदा रात्री व्हिजिटला निघालो आणि भलत्याच बिऱ्हाडाची कडी वाजवली. दार उघडणारे गृहस्थ जांभई देत म्हणाले, "आलाच आहात तर बीपी बघून जा." बघितलं, तर भलतंच वर. ज्यांनी बोलावलं होतं त्यांचा ताप मी पोचेपर्यंत उतरला होता.

औषधं दोन : लाल मिक्श्चर आणि पांढरं मिक्श्चर. बाटली पेशंटनं घरून आणायची, डोसांची कातरलेली पट्टी आमचा कंपाउंडर चिकटवायचा. जुहूगावातली कोळीण फीऐवजी निवट्या आणायची. मी शाकाहारी, कंपाउंडर नव्हता. दवाखान्यात सर्वांत आधी त्याची तब्येत सुधारली.

तेच बीपीवाले गृहस्थ एका पावसाळी रात्री छातीला हात लावून बसले. रेल्वे वाशीत यायला १९९२ उजाडायचं होतं. तुर्भ्याहून आलेला कांद्याचा रिकामा ट्रक थांबवला आणि शीव गाठायला निघालो. पुलाच्या मध्यावर, त्यांची नाडी माझ्या बोटांखाली चुकत असताना, ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, घाम तुम्हाला का आलाय?" मी पाऊस म्हणालो. खरं म्हणजे मी केबिनमध्ये कोरडाच बसलो होतो. ते वाचले, म्हणून आज हे हसत लिहितोय.

पुढं १९९५ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालानं आम्ही ग्राहक कायद्याखाली आलो. फी घेऊन तपासलं तर ती 'सेवा', सगळ्यांनाच फुकट तपासलं तर नाही. निवट्यांचा विचार कोर्टानं केलेला दिसला नाही. मीही तेव्हापासून सगळं लिहून ठेवू लागलो; आता केसपेपर जाड आणि गप्पा बारीक.

परवा त्या गृहस्थांचा नातू आला. मोठ्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झालेल्या, रिपोर्ट मोबाइलवर. "आजी म्हणते, शेवटी एकदा तुम्हाला दाखवायचं." मी चष्मा पुसून सगळे रिपोर्ट वाचले. नॉर्मल होते. तो उठायला लागला, तसा मी पट्टा काढला.

"बस. आलाच आहेस तर..."